मोटोजीपी २५ चा करिअर मोड: बाईक एकदम खरी, रेसरचं आयुष्य मात्र अर्धंच

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. गेम घेण्यासारखा आहे, बाईक चालवायचा भाग आतापर्यंतच्या या सिरीजमधला सगळ्यात भारी वाटला, पण 'करिअर मोड' या नावाखाली जे दिलंय त्यात शर्यती भरपूर आहेत आणि करिअर कमी. ज्याला मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा नाद आहे, जो रविवारी दुपारी रेस बघतो आणि सोमवारी कोण कुठल्या टीममध्ये चाललाय याच्या बातम्या वाचतो, त्याला ही उणीव लगेच जाणवेल. बाकीच्यांना कदाचित कळणारही नाही आणि त्यांचं काही अडणारही नाही.

गेम माइलस्टोनचा, म्हणजे इटलीतल्या मिलानच्या कंपनीचा. वर्षानुवर्षं हेच लोक बाईक रेसिंगचे गेम करतायत त्यामुळे विषय त्यांच्या अंगवळणी पडलाय. यावेळी अनरियल इंजिन ५ वर आलेत, ग्राफिक्स सुधारलेत हे उघडच आहे पण त्यापेक्षा मला आवाज आवडला, इंजिनांचे आवाज खऱ्या बाईक्सवरून रेकॉर्ड केलेत आणि हेडफोन लावून खेळलात तर डुकाटीचं व्ही फोर (चार सिलिंडर व्ही आकारात) आणि यामाहाचं इनलाइन फोर (चारही एका ओळीत) डोळे मिटून ओळखू येतं. खेळायच्या दोन पद्धती आहेत, आर्केड आणि प्रो. आर्केडमध्ये मित्र घरी आले तर त्यांना कंट्रोलर देता येतो, प्रो मध्ये देऊ नका, पहिल्याच वळणाला मातीत जातील आणि गेमला शिव्या घालतील.

प्रो मध्ये खरी मजा आहे. यात ब्रेक कधी दाबायचा यापेक्षा ब्रेक कधी आणि किती हळू सोडायचा हे महत्त्वाचं, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, वळणात शिरताना पुढच्या चाकावर वजन ठेवत ठेवत बोट सैल करायचं. घाईत सोडलं तर बाईक बाहेर जाते, जास्त धरलं तर फ्रंट सुटतो आणि तुम्ही बाईकच्या मागे मागे घसरत ग्रॅव्हलमध्ये. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल एकदम पिळला की मागचं चाक सरकतं, मग पकडतं, आणि हायसाइड, म्हणजे बाईक तुम्हाला वर फेकते. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), इंजिन ब्रेक, अँटी व्हीली (पुढचं चाक उचलू न देणारं), इंजिन मॅप (ताकद कमीजास्त करणारं) हे सगळं चालत्या शर्यतीत कमीजास्त करता येतं आणि शेवटच्या काही लॅप्सना मागचा टायर संपत आला की ते करावंच लागतं. खऱ्या राइडरचं अर्धं डोकं यातच गुंतलेलं असतं, टीव्हीवर आपल्याला फक्त गुडघा घासताना दिसतो. शर्यतीची लांबी कमी करता येते पण करू नका असं माझं मत, छोट्या शर्यतीत टायर सांभाळायची गरजच उरत नाही आणि मग निम्मा गेम वाया.

तिन्ही क्लास, म्हणजे खालून वर मोटो३, मोटो२ आणि मोटोजीपी, वेगवेगळे वाटतात हे मोठं यश. मोटो३ ची बाईक २५० सीसीची, एकच सिलिंडर, ताकद बेताची, त्यामुळे वेग मिळवायचा तो वळणात आणि दुसऱ्याच्या स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या बाईकमागे वाऱ्याच्या आडोशाला, लपून. दहाबारा जण एकमेकांना चिकटून फिनिश लाइनवर येतात आणि शेवटच्या लॅपला सगळ्यात पुढे असणं हा तोटा असतो, हे गेममध्ये अगदी बरोबर जमलंय. मोटो२ ला ट्रायम्फचं ७६५ सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन, सगळ्यांना सारखंच, तिथे मागचं चाक सरकवत चालवायला शिकावं लागतं. आणि मग मोटोजीपी, १००० सीसी, कार्बनचे ब्रेक जे थंड असताना धड लागतच नाहीत, आणि सरळ रस्त्यावरचा तो अचाट वेग. इटलीतल्या मुजेलोच्या ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरने २०२३ मध्ये ३६६.१ किमी प्रतितास गाठला होता, गेममध्ये त्याच स्ट्रेटच्या शेवटी, जिथे टेकाडावरून उतरताना ब्रेक दाबायचा असतो, तिथे माझी बोटं अजूनही आखडतात.

आता करिअरकडे येतो.

सुरुवातीला विचारतात, कुठून सुरू करणार, मोटो३, मोटो२ की थेट मोटोजीपी. थेट मोटोजीपी निवडता येणं हे गेम म्हणून ठीक आहे, लोकांना वेळ नसतो. पण खऱ्या जगात ही उडी काय असते ते बघा. जॅक मिलर २०१५ मध्ये मोटो३ मधून मोटो२ गाळून सरळ मोटोजीपीत आला, तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता, २०१६ ला असेनच्या पावसात तो जिंकला खरा पण पहिल्या वर्षी बिचारा जमिनीवरच जास्त दिसायचा. डॅरिन बाइंडरने २०२२ मध्ये तीच उडी मारली आणि एका सीझननंतर त्याला मोटो२ मध्ये जावं लागलं. उलट पेद्रो अकोस्ता, २०२१ मध्ये मोटो३ ला आला, दुसऱ्याच शर्यतीत पिटलेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुरुवात करून जिंकला, त्याच वर्षी चॅम्पियन, २०२३ ला मोटो२ चा चॅम्पियन, २०२४ ला मोटोजीपी. म्हणजे इतक्या टॅलेंटच्या पोरानेही मधली पायरी सोडली नाही. गेममध्ये पायरी सोडल्याची कुठलीच शिक्षा नाही, सेटिंग सोपं केलं की झालं.

आणि मोटो३ च्या आधीचं काय? ते तर नाहीच. खऱ्या रेसरचं करिअर मोटो३ ला येईपर्यंत निम्मं झालेलं असतं हो. चारपाच वर्षांच्या वयात पॉकेट बाईक, मग मिनीजीपी, मग युरोपियन टॅलेंट कप, रूकीज कप, ज्युनियरजीपी अशा पोरांच्या स्पर्धा, आईबापांनी व्हॅन चालवत पोराला या ट्रॅकवरून त्या ट्रॅकवर न्यायचं, शाळा मागे पडते ती पडतेच. रूकीज कप २००७ ला सुरू झाला, पहिला विजेता योहान झार्को, २०१४ चा होर्खे मार्टिन, म्हणजे हा रस्ता कुठे जातो ते स्पष्ट आहे. २०२३ पासून वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी किमान वय १८ केलंय, रूकीज कप किंवा ज्युनियरजीपी जिंकलेल्यांना तेवढी सूट. एवढा मसाला असताना गेमने करिअरचा पहिला सीझन रूकीज कपचा ठेवायला काय हरकत होती, सगळ्यांना सारखी बाईक, जिंकलास तर मोटो३ ची सीट, नाहीतर पुन्हा एक वर्ष. मी तरी हौसेने खेळलो असतो.

वजनाचंही तसंच. मोटो३ मध्ये बाईक आणि राइडर मिळून किमान १५२ किलोचा नियम आहे म्हणून उंच वाढणाऱ्या पोरांची पंचाईत होते, मोटोजीपीत मात्र फक्त बाईकचं वजन मोजतात. दानी पेद्रोसा इवलासा होता, स्ट्रेटवर त्याचा फायदा पण टायर गरम करायला अंगात वजनच नाही, वरच्या क्लासमध्ये ३१ शर्यती जिंकला आणि एकदाही चॅम्पियन झाला नाही. गेममध्ये तुमचा राइडर कसाही बनवा, बाईकला फरक पडत नाही.

करार आणि टीम बदलाबदली हा भाग मात्र बऱ्यापैकी जमलाय, निदान जिवंत वाटतो. सीझन पुढे सरकतो तशा ऑफर येतात, दुसरे राइडरही टीम बदलतात, त्यामुळे दोनतीन वर्षांनी ग्रिड ओळखू येत नाही. सोशल मीडियाची नक्कल आहे, प्रतिस्पर्धी तुमच्याबद्दल पोस्ट टाकतात, तुम्ही उत्तर देता, सुरुवातीला हसू येतं नंतर वाचायचा कंटाळा येतो. बाईकच्या डेव्हलपमेंटची दिशाही सुचवता येते आणि फॅक्टरी टीमचं, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टीमचं, म्हणणं जास्त ऐकलं जातं, हे वास्तवाला धरून आहे.

पण खऱ्या बाजारातली बेभरवशाची बाजू यात उतरत नाही. गेममध्ये चांगला चाललास की चांगली ऑफर, असा साधा व्यवहार आहे. खऱ्यात बघा, २०२४ मध्ये मार्टिन चॅम्पियनशिपमध्ये पुढे असताना डुकाटीने फॅक्टरी टीमची सीट मार्क मार्केझला दिली, मार्टिनने लगेच एप्रिलियाशी सही केली, आणि वर्षाच्या शेवटी चॅम्पियन झाला तो हाच, प्रामॅक या सॅटेलाइट, म्हणजे कंपनीकडून बाईक घेऊन चालवणाऱ्या बाहेरच्या, टीमच्या डुकाटीवर. १ नंबर घेऊन तो दुसऱ्या कंपनीकडे गेला! आता याच्या उलटं, सुझुकी. खोआन मीर २०२० चा चॅम्पियन, सुझुकीचा चॅम्पियनशिपशी करार २०२६ पर्यंतचा, आणि २०२२ च्या मध्यात कंपनीने सांगितलं की आम्ही या वर्षानंतर येणार नाही. बाईक चांगली होती, आलेक्स रिन्सने त्या सीझनची शेवटची शर्यत जिंकून दाखवली, तरी दुकान बंद. दोघेही होंडावर गेले आणि होंडाची तेव्हाची बाईक म्हणजे संकटच होतं, रिन्सने ऑस्टिनला एक जिंकली पण पुढे मुजेलोला पाय मोडून बसला. केटीएमचंही २०२४ अखेरीला दिवाळं निघायची वेळ आली होती, शेवटी बजाजच्या पैशाने सावरली. म्हणजे राइडरने काही चूक केली नसतानाही करिअर गटांगळ्या खातं. असा एखादा धक्का गेममध्ये असता, अचानक मेल आला की तुमची फॅक्टरी पुढच्या वर्षी नाही, शोधा दुसरी सीट, तर काय मजा आली असती.

आणि आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, दुखापत. या गेममध्ये तुम्ही ३०० च्या वेगाने भिंतीकडे उडत गेलात तरी पुढच्या क्षणी बाईकवर असता, नाहीतर सरळ रिवाइंड, म्हणजे वेळ मागे नेऊन पुन्हा. मला समजतं की हॉस्पिटलमध्ये बसून राहायला कोणी पैसे देणार नाही. पण मोटरसायकल रेसरच्या करिअरमधून दुखापत काढली तर उरतं काय? मार्केझचंच घ्या. २०१३ ला पहिल्याच वर्षी मोटोजीपी चॅम्पियन, वय २०. २०१४ ला पहिल्या दहाच्या दहा शर्यती जिंकल्या. सहा टायटल झाली, वाटत होतं हा आता कुणाला ऐकत नाही. १९ जुलै २०२०, हेरेझ, उजव्या दंडाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि पठ्ठ्या पुढच्याच आठवड्यात त्याच ट्रॅकवर बाईकवर बसायला आला, मग हाडात घातलेली प्लेट तुटली आणि पुन्हा ऑपरेशन. त्या एका हातावर चार ऑपरेशनं झाली, चौथं २०२२ मध्ये अमेरिकेत. मधे एकाचे दोन दिसण्याचा डोळ्यांचा आजार परत उपटला तो वेगळाच. २०२३ च्या शेवटी होंडाशी एक वर्षाचा करार शिल्लक असताना सोडून ग्रेसिनी टीमच्या वर्षभर जुन्या डुकाटीवर गेला, १ सप्टेंबर २०२४ ला आरागॉनला जिंकला, मधे १,०४३ दिवस एकही ग्रांप्री जिंकली नव्हती. २८ सप्टेंबर २०२५ ला मोतेगीला फॅक्टरी डुकाटीवर परत चॅम्पियन, वरच्या क्लासमधलं सातवं टायटल. आणि लगेच पुढच्याच शर्यतीत मंडालिकाला पहिल्या लॅपला बेझेकीची धडक बसून उजवा खांदा दुखावला, सीझन संपला. हे कुठल्या लेखकाने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच झालं.

हे एकट्याचं नाही. मिक डूहानचा पाय १९९२ ला असेनला मोडला, कापायची वेळ आली होती, ६५ गुणांची आघाडी होती ती गेली आणि टायटल चार गुणांनी हुकलं. पाय पूर्वीसारखा चालेना म्हणून मागचा ब्रेक अंगठ्याने दाबता येईल अशी सोय त्याच्या बाईकला केली आणि मग १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा चॅम्पियन. आज धडधाकट राइडरसुद्धा अंगठ्याचा ब्रेक वापरतात, तो आला इथून. फाबिओ क्वार्तारारो २०२१ ला हेरेझला आरामात पुढे होता, हात आखडला आणि तेरावा आला, याला आर्म पंप म्हणतात, हाताच्या स्नायूंना त्यांच्या भोवतीच्या आवरणात फुगायला जागा उरत नाही आणि लिव्हर ओढायची ताकद जाते. ऑपरेशन करून पुढच्या शर्यतीला हजर, वर्षाअखेर चॅम्पियन. गेममध्ये साधं एवढं जरी केलं असतं की जोरात पडलात तर पुढचे दोन वीकेंड बाईक थोडी जड लागेल, किंवा तुम्हीच ठरवा, दुखावलेल्या खांद्याने चालवून पाचसहा गुण मिळवायचे की घरी बसून बरं व्हायचं, तर करिअर मोडला अर्थ आला असता. हाच निर्णय खरे राइडर दर सीझनला घेतात आणि बऱ्याचदा चुकीचा घेतात.

यावेळी मोटार्ड, फ्लॅट ट्रॅक आणि मिनीबाईकच्या शर्यतीही दिल्यात आणि त्या धमाल आहेत, खास करून फ्लॅट ट्रॅक, मातीत बाईक आडवी करून फिरवत राहायचं, तासभर कुठे जातो कळत नाही. खरे राइडर असाच सराव करतात, माजी चॅम्पियन व्हॅलेंटिनो रॉसीचं इटलीतल्या तावुलियाचं रँच तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. फक्त तिथेही हाडं मोडतात हे गेम सांगत नाही. रॉसीचा पाय २०१७ ला एन्ड्युरो चालवताना मोडला होता आणि तीनेक आठवड्यांत तो आरागॉनला शर्यतीत होता, वयाच्या ३८ व्या वर्षी. मार्टिन २०२५ च्या सुरुवातीला टेस्टमध्ये पडला, त्यातून उठतोय तोवर पहिल्या शर्यतीच्या आधी सुपरमोटार्डचा सराव करताना पुन्हा हात मोडला, मग कतारला परत आला तर पडून बरगड्यांचा चुरा. चॅम्पियनचं वर्ष असं गेलं, वर एप्रिलियाच्या करारातून बाहेर पडायचा वाद झाला आणि शेवटी तिथेच राहिला. सरावाला हात मोडायची जोखीम जोडली असती तर त्या मोडमध्ये शिरताना दोनदा विचार केला असता.

स्प्रिंटचं गणित मात्र गेमने छान उतरवलंय. २०२३ पासून शनिवारी छोटी शर्यत असते, पहिल्याला १२ गुण, रविवारच्या मोठ्या शर्यतीला २५. दिसायला निम्मे पण २०२४ ला डुकाटीचा बान्याया ११ ग्रांप्री जिंकला, मार्टिन फक्त ३, आणि टायटल मार्टिनने नेलं १० गुणांनी, कारण शनिवारी तो घट्ट होता आणि बान्याया शून्यावर शून्य घेऊन बसला होता. गेममध्ये पूर्ण वीकेंड खेळलात, प्रॅक्टिस, क्यू१ आणि क्यू२ (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेऱ्या), स्प्रिंट, शर्यत, तर हा दबाव खरंच जाणवतो, शनिवारी पडल्यावर रविवारी हात आपोआप सांभाळून चालतो. लोक स्प्रिंट बंद करून खेळतात, कशाला कोण जाणे.

एक गोष्ट लगेच बंद करा ती म्हणजे ॲडॅप्टिव्ह डिफिकल्टी. तुम्ही हळू झालात की प्रतिस्पर्धीही हळू होतात, तुम्ही सुधारलात की तेही सुधारतात, म्हणजे परीक्षकानेच पेपर तुमच्याकडे बघून बदलत राहायचा. नवख्याला बरं आहे, पण करिअरमध्ये मग जिंकण्याला आणि हरण्याला काही किंमत राहत नाही. आकडा स्वतः ठरवा आणि सीझनभर तोच ठेवा, दहावे बारावे आलात तर येऊ द्या. खऱ्या ग्रिडवर बावीसच्या आसपास राइडर असतात आणि त्यातले निम्मे दहाव्याच्या मागेच करिअर काढतात, त्यांच्यासाठी आठवा नंबर म्हणजे सणच.

पैशाचा भाग जवळजवळ नाहीच आणि क्रू चीफ, म्हणजे राइडरच्या बाईकचा मुख्य इंजिनिअर, नावापुरता. सेटअप करताना तो सल्ला देतो पण नातं असं काही तयार होत नाही, खऱ्यात राइडर टीम बदलताना आपला क्रू चीफ सोबत नेता येईल का यावर अडून बसतात. मॅनेजर, मेकॅनिक, शेजारच्याच बॉक्समध्ये बसलेला टीममेट ज्याला सगळ्यात आधी हरवायचं असतं, कारण त्याच्याकडे तुमच्यासारखीच बाईक असते आणि सबब सांगायला जागा नसते, हे सगळं पुसटसं आहे.

तर कोणी घ्यावा? ज्याला बाईक चालवायचं अंग गेममधून समजून घ्यायचंय त्याने डोळे झाकून. ज्याच्याकडे आधीचं व्हर्जन आहे आणि फक्त करिअरसाठी घ्यायचाय त्याने सेल लागेपर्यंत थांबावं. घेतलात तर प्रो मध्ये, मोटो३ पासून, रिवाइंड बंद करून सुरू करा, आणि मी स्वतःपुरता एक नियम केलाय तो हवा तर उचला, हायसाइड झाला की पुढची शर्यत सिम्युलेट करून सोडून द्यायची, जणू प्लास्टरमध्ये आहे. टायटल हातातून जातं, चिडचिड होते, पण त्यानंतर थ्रॉटलवरचं बोट जे शहाणं होतं ते बघाच.